दहा वर्षं जुनी इकोबूस्ट, सोलापूरचं ऊन आणि तेलात बुडालेला बेल्ट

सोलापुरात कुणालाही सांगा की टर्बो पेट्रोल गाडी घेतली, पहिला प्रश्न ठरलेला: "डिझेल मिळालं नाही का ओ?" त्याच्या मागोमाग दुसरा: "फोर्ड तर गेली की गाशा गुंडाळून, पार्ट कुठनं आणणार?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि तेव्हापासून या गाड्यांचे सेकंडहँड भाव बसले ते बसलेच. मी २०१४ ची इकोस्पोर्ट घेतली, तीही १.० लिटर इकोबूस्ट इंजिनाची, आणि ते इंजिन हवं होतं म्हणूनच घेतली. त्यामुळे गाडीबद्दल चार ओळी आणि बाकी सगळं इंजिनाबद्दल.

गाडी: डिकी लहान. स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली आणि ते दार आडवं उघडतं, म्हणजे नवी पेठेत भिंतीला लावून गाडी उभी केली की पिशव्या मागच्या सीटवरच टाका. मागे तिघं बसले तर मधल्याचे हाल. स्टिअरिंग आणि सस्पेन्शनला मात्र आजही तोड नाही, आणि २०० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स असल्यामुळे आमच्या गल्लीतले स्पीडब्रेकर बिनधास्त ओलांडता येतात. झालं.

आता इंजिन. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणारं डायरेक्ट इंजेक्शन, ६००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) १२५ पीएस ताकद आणि १४०० ते ४५०० आरपीएमच्या पट्ट्यात १७० एनएम टॉर्क, म्हणजे ओढ. त्याच वेळी त्याच गाडीत मिळणारं १.५ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन ११२ पीएस आणि १४० एनएम द्यायचं. म्हणजे अर्धा लिटर कमी असून हे पुढे. त्यात सरकारी गणितही होतं: चार मीटरच्या आतली गाडी आणि १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन असेल तर एक्साइज कमी लागायची. १.५ पेट्रोल त्या चौकटीत बसत नव्हतं, हे बसायचं.

कारखानदार माणूस म्हणून मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तीन सिलिंडरचं इंजिन मुळात थरथरतं. काही कंपन्या त्यावर बॅलन्स शाफ्ट, म्हणजे थरथर मारणारा फिरता दांडा, घालतात. इथे फोर्डच्या लोकांनी फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम थोडी असंतुलित ठेवली आणि तो झोल थरथरीच्या उलट्या दिशेला लावला. शाफ्ट वाचला, वजन वाचलं, घर्षण वाचलं. ब्लॉक लोखंडी, इतका आटोपशीर की ए४ कागदावर मावतो. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, तर मिनिटाला २ लाख ४८ हजार फेऱ्यांपर्यंत फिरू शकतो. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षं 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा किताब याच इंजिनाला मिळाला. आणि याच इंजिनावर पुढे ब्रिटनमध्ये लोक दात-ओठ खात होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवूनच हे इंजिन विकत घ्यावं.

चालवायला कसं आहे? माझा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. रोजचं घर ते कारखाना अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर, आणि अधूनमधून पार्टीकडे पुण्याला किंवा हैदराबादला. शहरात या इंजिनाचं एक नाटक आहे. १५०० च्या खाली ते झोपलेलं असतं. अशोक चौकात रिक्षा, हातगाडी आणि उलट्या बाजूने येणारा टू-व्हीलरवाला यांच्यातून दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना एकदम पाय दिला तर क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम ओढतं. पहिल्यावर उतरायची सवय लावून घ्यावी लागते. १८०० च्या पुढे मात्र तक्रारीला जागा नाही.

खरी गंमत पुणे हायवेला. गाळप हंगामात मोहोळ ते टेंभुर्णी या पट्ट्यात रात्री गाडी चालवलेल्यांना सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ट्रॉलीवरचा डीजे मात्र जोरात. तिथे चौथ्या गिअरमधून गिअर न बदलता ७० वरून १०० ला झटकन जाता येणं ही चैन नव्हे, गरज आहे. एसी चालू, चार माणसं आणि सामान घेऊन तुळजापूरचा घाटही ते दम न लागता चढतं.

मायलेज कागदावर १८.९. माझं हायवेला ९०-१०० च्या वेगाने १६ च्या आसपास, १२० ला ठेवली की १३, आणि शहरात १० ते ११. टर्बो पेट्रोलचं हे असंच असतं, उजवा पाय जड असेल तर सीसी लहान असल्याचा काही उपयोग नाही. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे थोडी घट होणारच. ऑक्टेन जास्त असल्याने नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकण्याची, भीती त्यामुळे वाढत नाही, पण २०१४ च्या गाडीचे रबरी पाइप या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत, म्हणून सर्व्हिसला फ्युएल लाइनवर हात फिरवून बघायला सांगतो. ऊस आमच्या जिल्ह्याचा, इथेनॉलही आमच्याच कारखान्यांचं, तेव्हा बोंब मारायची तरी कुणाच्या नावाने!

आता मुख्य मुद्दा, बेल्ट.

साधारण इंजिनात टायमिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखण्यासाठी, एकतर चेन असते आणि ती तेलात फिरते, किंवा रबरी बेल्ट असतो आणि तो बाहेर कोरडा फिरतो. इकोबूस्टच्या या पिढीत रबरी बेल्टच तेलात फिरतो. घर्षण कमी, आवाज कमी, जागा कमी, असा हिशेब. त्यासाठी तेल सोसणारं खास रबर वापरलंय. मी आमच्या मिस्त्रीला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो हसायला लागला. "शेठ, बेल्टला तेल लागलं की बेल्ट गेला, हे आम्ही शागीर्द होतो तेव्हापासून शिकलो. हे उलटंच की ओ." त्याचं चुकत नव्हतं. कोरड्या बेल्टला तेल म्हणजे विष, आणि या बेल्टला चुकीचं तेल म्हणजे विष.

होतं काय ते सांगतो. फोर्डने या इंजिनाला ५डब्ल्यू-२० ग्रेडचं, डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी या स्पेसिफिकेशनचं पातळ तेल ठरवून दिलंय. ते न घालता दुसरंच काही घातलं, किंवा बदलायला उशीर केला, तर रबर हळूहळू झिजतं, कडेने सुटतं, त्याचा चुरा खाली चेंबरमध्ये, म्हणजे तेल साठतं त्या तळाच्या भांड्यात, जातो आणि ऑइल पंपाच्या तोंडावरच्या जाळीवर बसतो. जाळी तुंबली की तेलाचा दाब पडतो. दाब पडला की आधी टर्बोला आणि बेअरिंगला उपास घडतो. म्हणजे बेल्ट तुटायची वाट बघायचीच गरज नाही, तो तुटण्याआधीच इंजिन बसू शकतं. ऑइल पंप चालवणारा आणखी एक छोटा बेल्टही तेलातच आहे. त्या पंपाच्या बेल्टच्या टेन्शनरवरून (बेल्टला ताण देणारा भाग) अमेरिकेत २०२३ च्या शेवटी १.० इकोबूस्टच्या सव्वा लाखाहून जास्त इकोस्पोर्ट आणि फोकस गाड्यांचा रिकॉल निघाला, तिथली मॉडेलं आपल्यापेक्षा नंतरची असली तरी. ही कल्पना एकट्या फोर्डची नाही हेही सांगायला हवं. युरोपात प्यूजो-सित्रोएनच्या १.२ प्युअरटेकचं दुखणं हेच.

थंड देशात याला आणखी एक कारण. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली तेलात उतरतं आणि पेट्रोल मिसळलेलं तेल रबर फुगवतं. सोलापुरात इंजिन गार राहण्याची फारशी भीती नाही, मे महिन्यात तर चावी लावायच्या आधीच ते अर्धं तापलेलं असतं. तरी माझी रोजची चार किलोमीटरची फेरी याच सदरात मोडते. म्हणून मी किलोमीटरकडे न बघता सहा महिन्यांनी तेल बदलतो. चार लिटरच्या आसपास तेल लागतं. योग्य स्पेसिफिकेशनचं तेल महाग आहे आणि नवी पेठेत प्रत्येक दुकानात मिळत नाही. दुकानदार "हे घ्या, याच्यापेक्षा भारी" म्हणून जाड तेलाचा डबा पुढे करतो. उन्हाळा आहे म्हणून जाड तेल, हा सल्ला माझ्या कारखान्यातल्या जुन्या मशीनला लागू पडतो, या इंजिनाला नाही.

गाडी घेतली तेव्हा मीटरला ७८ हजार होते आणि सोबत बिलांची फाइल होती. तीत एका गॅरेजचं बिल सापडलं: २०डब्ल्यू-५०. ज्या जाड तेलावर आमच्या गल्लीतले बुलेटवाले खूश असतात ते तेल. नंतरच्या मालकाने पुन्हा बरोबर तेल घातलेलं होतं, पण मला ते बिल वाचून झोप लागेना. ब्रिटनच्या वेळापत्रकात या बेल्टचं आयुष्य १० वर्षं किंवा दीड लाख मैल दिलं होतं. किलोमीटर कितीही कमी असले तरी वर्षं भरलीच होती. बदलून टाकायचं ठरवलं.

हे काम गल्लीत होत नाही, हे आधी समजून घ्या. या इंजिनात क्रँकच्या पुलीला चावी नाही, म्हणजे ती नेमकी जागा धरून बसावी म्हणून खाच नाही. नुसत्या बोल्टच्या ताणाने ती धरलेली असते. टायमिंग लॉक करायचं खास टूल लावल्याशिवाय तो बोल्ट सोडला तर सगळं टायमिंग फिरलं. बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो, नवाच लागतो. माझं काम पुण्यात फोर्डवर वर्षानुवर्षं हात बसलेल्या एका गॅरेजात झालं आणि मी मुद्दाम समोर बसून राहिलो. पुढचं कव्हर सिलंटने चिकटलेलं असतं, ते सोडवण्यातच त्या पोराचा निम्मा दिवस गेला. जुना बेल्ट बाहेर आला तेव्हा त्याने तो नव्याशेजारी फडक्यावर ठेवला. दात सगळे शाबूत. पाठ मात्र चकाकत होती आणि उलटी वाकवली की केसासारख्या बारीक चिरा दिसत होत्या. दहा वर्षांच्या रबराकडून वेगळी अपेक्षाही नव्हती. मग चेंबर उतरवला. जाळी दिव्यासमोर धरली, रबराचा चुरा नव्हता, पण एका कोपऱ्यात काळा, चिकट, डांबरासारखा थर होता. नखाने खरवडून निघाला. तो वेळेवर न बदललेल्या जुन्या तेलाचा. दोन्ही बेल्ट, टेन्शनर, सील, बोल्ट, कूलंट, तेल आणि मजुरी धरून बिल चाळीस हजारांच्या पुढे गेलं. ही रक्कम गाडीच्या किमतीतच धरायची. वेगळा खर्च म्हणून धरलात तर पोटात दुखेल.

दुसरं दुखणं पाण्याचं, आणि सोलापूरकरांसाठी ते बेल्टपेक्षा जास्त तातडीचं आहे. युरोपातल्या सुरुवातीच्या गाड्यांत कूलंटच्या टाकीला जाणारा एक प्लॅस्टिकचा बारीक होज तडकायचा. पाणी निघून जायचं आणि ड्रायव्हरला कळेपर्यंत हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, वाकलेलं असायचं. फोर्डला तिथे होज बदलून द्यावे लागले आणि पुढे आरडाओरडा झाल्यावर दुरुस्तीचे पैसेही देऊ करावे लागले. या इंजिनात पाणी कमी झालं की गोष्ट इतक्या लवकर हाताबाहेर का जाते? जळालेला वायू बाहेर नेणारं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वेगळं नाही, ते हेडमध्येच ओतलेलं आहे आणि त्याभोवती पाणी खेळतं. चांगल्या दिवसांत त्याचा फायदा होतो, इंजिन लवकर तापतं आणि टर्बोकडे जाणारा वायू थोडा निवतो. पण पाणी संपलं की सगळ्यात तापणारा भाग थेट हेडच्या पोटात. बाहेर ४४ डिग्री, समोर वडाप आणि टेम्पोची रांग, एसी फुल. अशा वेळी हे इंजिन दुसरी संधी देत नाही.

मी केलं ते असं: होज आणि टाकीचं झाकण आधीच नवं घातलं, दोन्ही मिळून बेल्टच्या बिलापुढे किरकोळ. गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं ब्लूटूथचं ओबीडी डोंगल लावून मोबाइलवर कूलंटचं तापमान बघतो. मे महिन्यातल्या भर दुपारी ट्रॅफिकमध्ये ते १०० च्या थोडं वर जातं, पंखा लागतो, पुन्हा उतरतं. हा चढउतार एकदा डोळ्यांत बसला की वेगळं काही घडलं तर लगेच कळतं. सकाळी थंड इंजिनावर टाकीतली पातळी बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावलीय. बायकोला गाडी हवी असेल तर ती आधी बॉनेट उघडते, मग माझ्याकडे बघून म्हणते, "झालं तुमचं देवदर्शन."

पॉवरलूमवाल्यांसाठी खास सूचना. कारखान्याच्या आवारात गाडी उभी राहते आणि हवेत सतत रुई उडत असते. ती समोरच्या जाळीतून आत जाऊन एसी कंडेन्सर, इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या पात्यांवर बसते, वर रस्त्याची धूळ, वर पावसाळ्यात किडे. पुढचा बंपर उतरवला तेव्हा कंडेन्सरवर राखाडी रंगाची अखंड गोधडी होती, हाताने धरून सोलून निघाली. टर्बो इंजिनाला गार हवा लागते, इंटरकूलर गुदमरला की उन्हाळ्यात दुपारी ओढ कमी पडते आणि लोक टर्बोला दोष देतात. वर्षातून एकदा बंपर उतरवून हलक्या दाबाने पाणी मारा. प्रेशर वॉशरची नळी जवळ नेली तर पाती आडवी होतात.

बाकीचं थोडक्यात. पाचव्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने पाय दाबायची आपली जुनी काटकसर इथे करू नका. कमी आरपीएम आणि पूर्ण लोड असताना ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेट घेऊ शकतं आणि पिस्टनवर हातोडा बसतो. टर्बो-डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांचा हा सर्वसाधारण दोष आहे, एपीआय एसपी दर्जाची नवी तेलं त्याचाच विचार करून आलीत. डायरेक्ट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा शिडकावा होत नाही, तिथे कार्बन साठतो. आठवड्यात एकदा हायवेला मोकळी पळवली तर गाडी प्रसन्न राहते असा माझा अनुभव, पण साठलेला कार्बन त्याने निघतो असं समजू नका. लांब पळवून आल्यावर अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवून मग बंद करा. इग्निशन कॉइल आणि प्लग साध्या इंजिनापेक्षा लवकर लक्ष मागतात, लोडवर गचके द्यायला लागली तर आधी तिथे बघा. पार्ट मिळतात, पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी सोलापुरात येतात.

कुणी घ्यावी? ज्याला दर आठवड्याला हायवे आहे, फाइल सांभाळायची सवय आहे आणि पुण्याला जाऊन काम करून घ्यायचा कंटाळा नाही, त्याने खुशाल घ्यावी, या पैशात असं ओढणारं दुसरं काही मिळत नाही. वर्षाला पाच हजार किलोमीटर, तेही भाजी आणि शाळा, असं असेल तर मारुतीचं १.० बूस्टरजेट किंवा ह्युंदाईचं १.० टर्बो बघा, दोन्हींना टायमिंग चेन आहे. बूस्टरजेट १०० पीएसचंच आहे, पण शहरात तेवढं पुरतं. इकोस्पोर्टच हवी आणि ही कटकट नको असेल तर २०१७ च्या आधीचं चार सिलिंडरचं १.५ पेट्रोल घ्या, त्याचा बेल्ट कोरडा आहे. २०१७ च्या शेवटी आलेलं तीन सिलिंडरचं १.५ घेताना मात्र जपून. त्याला टर्बो नाही, पण बेल्ट तेलातलाच आहे, आणि हे विकणारा बहुधा सांगत नाही.

इकोबूस्ट बघायला जाणार असाल तर विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिनावर टाकीचं झाकण उघडा, पातळी बघा, टाकीच्या आणि होजच्या जोडांभोवती वाळलेल्या कूलंटचे डाग शोधा. तेलाचं झाकण उघडून मोबाइलच्या टॉर्चने आत जेवढा बेल्ट दिसतो तेवढा बघा, कडा उसवलेली दिसली तर तिथूनच नमस्कार करा. चावी लावल्यावर ऑइलचा लाल दिवा किती वेळात विझतो ते बघा. मग बिलं मागा आणि किलोमीटरच्या आधी तेलाचा ग्रेड वाचा. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर सरळ पन्नास हजार कमी करून बोला. समोरचा म्हणेल, "कंपनीने सांगितलंय दोन लाख किलोमीटर चालतो." तेव्हा गाडीचं वय विचारा.